मानधन नव्हे, मोबदला!

'कलावंताने पैशाची भाषा करू नये', हे वाक्य आपल्या सुसंस्कृत समाजात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, उच्चारणाऱ्याला त्यातील क्रौर्य जाणवेनासे झाले आहे. ते उच्चारणारा बहुधा स्वतः पगारदार असतो आणि त्याचा स्वतःचा पगार चार दिवस लांबला तर तो तक्रार केल्यावाचून राहत नाही. ज्याला उद्देशून ते उच्चारले जाते, तो मात्र रात्री अकरा वाजता सभागृहाच्या मागील दारापाशी तबल्याची पिशवी खांद्याला लावून उभा असलेला साथीदार असतो. आयोजक येतो, हात जोडतो, कार्यक्रम फार रंगला असे सांगतो आणि एक बंद पाकीट हाती ठेवतो. आत किती आहे हे विचारायचे नाही, उघडून पाहायचे नाही आणि घरी गेल्यावर कमी निघाले तर बोलायचे नाही. या व्यवहाराला आपण 'मानधन' असे गोड नाव दिले आहे. त्यात मान किती आणि धन किती, याचा हिशेब आता एकदा जाहीरपणे मांडला पाहिजे.

ठाणे ते कल्याण-डोंबिवली हा पट्टा गाण्याबजावण्याच्या दृष्टीने महाराष्ट्रातील अत्यंत समृद्ध पट्ट्यांपैकी एक आहे. ठाण्यात १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले, पुढे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झाले. कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. कल्याणचा गायन समाज १९२६ पासून चालत आला आहे. घंटाळीच्या सहयोग मंदिरासारखी लहान सभागृहे, डोंबिवलीचे गणेश मंदिर, सोसायट्यांचे गणपती, नवरात्रीचे मांडव, दिवाळी पहाट, भीमजयंतीच्या गायन पार्ट्या, आगरी-कोळी गावांतील हळदीच्या रात्री, असा वर्षभराचा हा पसारा आहे. पं. राम मराठे आणि पं. भाई गायतोंडे यांच्यासारखी मोठी माणसे ज्या ठाण्यात राहिली, त्या ठाण्याची महापालिका राम मराठ्यांच्या नावे संगीत महोत्सव भरविते, हे भूषणावह आहे. तथापि हा सारा पसारा ज्यांच्या बोटांवर उभा आहे, त्या शेकडो वादकांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. हा एक अवाढव्य कारखाना आहे, ज्याला हजेरीपट नाही.

उपज हे श्रमच आहेत

आपले संगीत लिहून ठेवलेले वाजविण्याचे संगीत नव्हे. गायकाने ख्याल मांडला की पुढचा आलाप कोठे जाईल, तान कोणत्या मात्रेवरून उठेल, समेला तो सरळ येईल की हुलकावणी देईल, हे त्या क्षणापर्यंत त्याचे त्यालाही ठाऊक नसते. संवादिनीवाल्याने त्या वळणाचा माग त्याच क्षणी काढायचा, गायक श्वास घेईल तेवढ्या फटीत सूर भरायचा आणि त्याने पुन्हा तोंड उघडताच मागे सरायचे. तबलजीने लय धरून ठेवायची, पण ती धरून ठेवल्याचे कोणाला जाणवू द्यायचे नाही. आज ख्याल, उद्या नाट्यगीत, परवा अभंग, तेरवा कथकच्या विद्यार्थिनींची परीक्षा. कधी तालीम झालेली असते, पुष्कळदा गायकाशी पहिली भेट रंगमंचावरच होते. याला आपण उपज म्हणतो आणि ती दैवी देणगी आहे असे मानून मोकळे होतो. वस्तुतः दहा-पंधरा वर्षांच्या रोजच्या रियाजाने कमावलेले ते अत्यंत कुशल असे श्रम आहेत. दैवी देणगी म्हटले की दाम विचारण्याचा प्रश्नच उरत नाही, ही त्या स्तुतीतील खरी मेख आहे.

आता या श्रमांचे तास मोजू. डोंबिवलीचा एखादा तबलावादक ठाण्यातील साडेसहाच्या कार्यक्रमासाठी दुपारी चारला घर सोडतो. पट्टी निराळी असेल तर तबलाही निराळा लागतो, म्हणून त्याच्यापाशी दोन ओझी असतात. कामावरून परतणाऱ्यांच्या गर्दीत ती सांभाळीत तो ठाणे गाठतो. तेथे वाद्य लावणे, ध्वनिक्षेपक तपासणे, पाहुण्यांची भाषणे संपेपर्यंत वातानुकूलित सभागृहात उतरलेला तबला पुन्हा चढविणे, मग अडीच-तीन तासांचे वादन आणि नंतर पाकिटाची प्रतीक्षा. घरी पोचेतो मध्यरात्र उलटून जाते. कार्यक्रम तीन तासांचा, पण कामाचा दिवस नऊ तासांचा झाला आणि त्यातले उत्तरार्धाचे तास रात्रपाळीचे. पुडी फाटली तर ती त्याच्या खर्चाने, शेवटची लोकल चुकली तर रिक्षा त्याच्या खर्चाने. स्त्री वादक असेल तर परतीच्या प्रवासाची चिंता निराळीच. एखाद्या कारखानदाराने कामगाराला असे राबविले तर आपण त्याच्या दारी निदर्शने करू. येथे मात्र राबविणारा रसिक असतो आणि रसिकाच्या दारी निदर्शने करण्याची आपल्याकडे प्रथा नाही.

हाच न्याय हळदीच्या मांडवात अधिक उघडपणे चालतो. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांतून रात्र जागविणारा बेंजो हे आपल्या शहरी रसिकाला वाद्यच वाटत नाही. जपानच्या नागोया शहरात १९१२ साली जन्मलेले तायशोगोतो आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले, वीज जोडून त्याचा बेंजो झाला आणि आगरी-कोळी गीतांच्या चालींनी ते पूर्णतः आपलेसे केले. नाचणाऱ्यांची लय वाढली की चाल बदलायची, एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता शिरायचे, ढोलकी आणि कच्छी ढोलाने मध्येच टाकलेल्या तुकड्याला उत्तर द्यायचे, ही उपज नव्हे तर दुसरे काय आहे? पण मैफलीतला तो 'कलावंत' आणि मांडवातला तो 'वाजंत्री', अशी आपली विभागणी आहे. ती स्वरांवरून झालेली नाही. ज्या समाजात वाजविणे हे जातीने नेमून दिलेले काम होते, हलगी-सनई वाजविणाऱ्याला ज्या गावात देवळाच्या पायरीखाली उभे केले जात होते, त्या समाजाची ती जुनी पंगत आहे. या पंगतभेदाचा व्यावहारिक लाभ दोन्हीकडच्या मालकांना होतो. मैफलीतल्याला मान दिला म्हणून धन कमी द्यायचे आणि मांडवातल्याला धन दिले म्हणून मान द्यायचा नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहे आणि तो योग्यच आहे. पण यजमान 'आणखी एक' म्हणून आग्रह धरतो आणि पोलीस आले की धास्ती असते ती वादकाच्या वाद्यांना, यजमानाच्या मांडवाला नव्हे.

मानधनाचा कणा मोडला आहे

मागील पिढीने हे सारे निमूटपणे चालवून घेतले, मग आताच ओरड का, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर अर्थकारणात आहे. मागील पिढीतील या पट्ट्यातला साथीदार बहुधा दिवसा कोठे तरी नोकरीला असे. रेल्वे, टपाल खाते, १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या बँका, वागळे इस्टेटमधील कारखाने, आंबिवली-मोहने येथील एनआरसी, यांचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि आजारपणाची रजा त्याचे घर चालवीत. संध्याकाळचे पाकीट हे त्यावरचे तूप होते. म्हणजे गायन मंडळांचे आणि उत्सवांचे संगीत स्वस्त होते ते रसिकांच्या औदार्यामुळे नव्हे; त्याचा अर्धा खर्च कायम नोकरी देणारा मालक परभारे सोसत होता. आज ती कायम नोकरीच नाहीशी होत चालली आहे. वागळे इस्टेटमधील एकेक यंत्रशाळा बंद होऊन तेथे कार्यालये उभी राहिली, एनआरसी २००९ साली बंद पडली, बँकांत आणि रेल्वेत कंत्राटी भरती आली. आजच्या तरुण वादकाला संध्याकाळचे पाकीट हेच तूप आणि तीच भाकरी झाली आहे. तरीही पाकीट देणाऱ्याच्या मनात वादक अजून नोकरदारच आहे आणि तो हौसेने वाजवीत आहे, ही समजूत सोयीची म्हणून टिकून आहे.

वादकाला नियमित वेतन देणे ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. गंधर्व नाटक मंडळीने अहमदजान थिरकवाँसारखा तबलानवाज आपल्या पदरी ठेवला होता. संस्थानिकांच्या दरबारात वादक नोकर असत. आकाशवाणीने केंद्राकेंद्रांवर वादकांच्या जागा निर्माण केल्या होत्या. त्याच आकाशवाणीने एका फतव्याने १९४० साली संवादिनीवर बंदी घातली आणि साथीपुरती ती उठविण्यास १९७१ साल उजाडले, हेही विसरता येत नाही. एकतीस वर्षे एका वाद्यावर पोट भरणाऱ्यांची मोठी वाट शास्त्राच्या नावाखाली बंद होती. दरबार गेले, नाटक मंडळ्या मोडल्या, आकाशवाणीतील वादकांच्या रिकाम्या होणाऱ्या जागा भरण्याची निकड कोणत्याही सरकारला वाटली नाही. दरबारी चाकरीची लाचारी गेली याचा आनंदच आहे. पण तिच्या जागी लोकशाहीने नागरिकाचा हक्क द्यावयास हवा होता, तेथे तिने पाकीट आणून ठेवले.

कायद्याने काय दिले?

कायद्याचा इतिहास याहून बोलका आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगीतकृतीची जी व्याख्या केली, तीत लिहिलेले वा छापलेले संगीत तेवढेच मोजले गेले. म्हणजे लेखणीने कागदावर उतरविलेली चाल ही मालमत्ता. आणि ज्या संगीताचा प्राणच न लिहिण्यात आहे, ते मात्र कोणाचेच नाही! गायक-वादकाला या कायद्यात स्थान नाही, ही विसंगती न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालास जोडलेल्या टिपणात दाखवून दिली होती. संसदेला ती दुरुस्त करण्यास १९९४ साल लागले. त्या वर्षी प्रयोग करणाऱ्या कलावंताचा हक्क कायद्यात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील स्वामित्वधनावरही त्याचा हक्क मान्य झाला. कागदावर ही मोठी प्रगती आहे. प्रत्यक्षात सभागृहात तीन कॅमेरे लागतात, कार्यक्रम त्याच रात्री समाजमाध्यमांवर जातो, पुरस्कर्त्याची जाहिरात त्यावर झळकते आणि साथीदाराची संमती घ्यावी हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. पुष्कळदा त्याचे नावदेखील 'आणि सहकारी' या दोन शब्दांत बुडालेले असते.

कामगार कायद्याकडे वळावे तर तेथेही तेच. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली झालेल्या कायद्याने कलावंतांत वादकाचा स्पष्ट उल्लेख करून लेखी कराराची अट घातली. २०२० च्या कामगार संहितेने ते तत्त्व दृक्‌श्राव्य निर्मितीतील वादकाला लागू ठेवले. याचा अर्थ असा की, तोच तबलजी चित्रीकरणासाठी वाजवील तेव्हा त्याला कराराचा आधार आहे आणि त्याच रात्री रंगमंदिरात वाजवील तेव्हा नाही. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत 'गिग' कामगारांना जागा मिळाली. हा शब्द मूळचा अमेरिकेतील जॅझ वादकांच्या बोलीतला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका रात्रीच्या वादनाच्या कामाला ते गिग म्हणत. उपजेचे संगीत वाजविणाऱ्यांचा शब्द कायद्याने उचलला. पण त्या तरतुदीत निधीला उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यायची आहे ती ॲप चालविणाऱ्या कंपन्यांनी. महोत्सवाचे आयोजक आणि उत्सव मंडळे त्या चौकटीत कोठेच नाहीत. शब्द वादकाचा आणि कायदा मात्र वादकावाचून, अशी ही स्थिती आहे.

उरला सरकारी सन्मान. वृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठीच्या राज्य शासनाच्या योजनेत २०२४ पासून दरमहा ५ हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे. पण म्हातारपणी अनुग्रह करण्यापेक्षा तरुणपणी हक्काची मजुरी दिली, तर त्याच मजुरीतून म्हातारपणाची तरतूद होते, हे साधे सूत्र आपण गिरणी कामगारांच्या बाबतीत मान्य केले होते. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. मध्यंतरी काही महिने ती अर्धवट उघडली, पुन्हा बंद झाली आणि अखेर २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या क्षमतेने सुरू झाली. तेवढ्या काळात लोककलावंतांना एकरकमी ५ हजार रुपयांची मदत जाहीर झाली. दीड वर्षांच्या उपासमारीवर ५ हजार! तेही ज्याला आपण कलावंत आहोत हे कागदोपत्री सिद्ध करता येईल त्यालाच. आणि पाकिटातून मिळालेल्या पैशाला कागद कोठून असणार?

आक्षेपांचा विचार

यावर पहिला आक्षेप असा येईल की, दर ठरविले तर गायन समाजासारख्या लहान संस्था मरतील. या संस्थांविषयी आम्हांला आदर आहे. वर्गणीवर चालणाऱ्या पन्नास श्रोत्यांच्या बैठकीला आणि पुरस्कर्त्यांच्या फलकांनी मढलेल्या महोत्सवाला एकच दर लावा, असे कोणी म्हणत नाही. परंतु एक गोष्ट विचारावी लागेल. मंडपवाल्याचे, दिव्यांवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे बिल देताना कोणती संस्था हात आखडते? त्यांच्यापैकी कोणालाही शाल-श्रीफळ मिळत नाही. आगाऊ रक्कम मात्र मिळते. ज्याच्या हातात बिल आहे त्याला पैसे आणि ज्याच्या हातात कला आहे त्याला आशीर्वाद, हा न्याय संस्था लहान आहे म्हणून समर्थनीय ठरत नाही.

दुसरा आक्षेप, संघटना आणि संगीत यांचे जमत नाही. अमेरिकेतील वादकांच्या महासंघाने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तबकड्या वाजवून वादकांच्या पोटावर पाय आणणाऱ्या कंपन्यांनी त्या नफ्यातला वाटा द्यावा, ही मागणी होती. दोन वर्षांहून अधिक काळ ते लढले आणि १९४४ च्या अखेरीस बड्या कंपन्या नमल्या. त्या वाट्यातून पुढे विनामूल्य सार्वजनिक मैफली झाल्या आणि वादकांना त्या मैफलींचे वेतन मिळाले. त्या संपामुळे जॅझची उपज आटली नाही. उलट त्याच दशकात तिला नवे धुमारे फुटले. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत ५०७ तास काम केलेल्या रंगमंच कलावंताला बेकारी भत्ता मिळतो. दूर कशाला, मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादकांनी आपली संघटना उभारून ध्वनिमुद्रणाच्या पाळीचे दर मिळविले होतेच. साथ ही एकट्याने होत नाही, हे वादकाहून अधिक कोणाला कळणार?

तिसरा आक्षेप उच्चारला जात नाही, पण तोच खरा आहे. गाणेबजावणे हे आता या पट्ट्यात राजकीय जाहिरातीचे स्वस्त साधन झाले आहे. २०२२ साली तलावपाळीवरची दिवाळी पहाट कोणत्या गटाने साजरी करावी, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. जागेसाठी न्यायालयात जाणाऱ्यांपैकी एकाही गटाने त्या पहाटे वाजविणाऱ्या वादकांच्या मोबदल्याविषयी, विम्याविषयी वा परतीच्या प्रवासाविषयी चकार शब्द काढल्याचे ऐकिवात नाही. नेत्यांची छायाचित्रे फलकावर पुरुषभर उंचीची आणि वादकांची नावे शोधून सापडत नाहीत, असे चित्र पाहिले की, 'पैशाची भाषा करू नये' हा उपदेश नेमका कोणाच्या हिताचा आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

काय केले पाहिजे?

मागण्या अवाजवी नाहीत. पहिली, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या नाट्यगृहांची तारीख देताना आयोजकाकडून वादकांची नावे आणि ठरलेला मोबदला लेखी घ्यावा. तो सात दिवसांत बँक खात्यात जमा व्हावा. ऐनवेळी कार्यक्रम रद्द झाल्यास निम्मी रक्कम मिळावी. दुसरी, ज्या महोत्सवाला महापालिकेचा पैसा लागतो त्याचे किमान साथ-दर प्रसिद्ध व्हावेत आणि त्यात तालीम व रात्रीचा प्रवास यांचा स्वतंत्र हिशेब असावा. तिसरी, लेखी संमती आणि नामोल्लेख यांवाचून कोणत्याही वादनाचे चित्रण प्रसारित होऊ नये. कायदा आहेच, त्याची अट भाडेपत्रात घालावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, माथाडी मंडळाच्या धर्तीवर वादकांचे मंडळ स्थापावे. ज्याला एक मालक नाही, जो आज या दुकानी तर उद्या त्या गोदामात ओझी वाहतो, त्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी कसा द्यायचा, हा प्रश्न महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने सोडविला आहे. मालक अनेक, पण मंडळ एक. मजुरी मंडळामार्फत आणि तिच्यावरच्या अधिभारातून निधी. हमालाच्या पाठीला जो न्याय लागू पडला, तो तबलजीच्या बोटांना का लागू पडू नये?

हे कोणी आपणहून देणार नाही. ते मागण्यासाठी संघ लागेल, आणि तो संघ मैफलीच्या वादकांचा निराळा आणि हळदीच्या वादकांचा निराळा असून चालणार नाही. संवादिनी, तबला, पखवाज, बेंजो, ढोलकी, हलगी, या सर्वांचे नाव एकाच सभासदवहीत लागले पाहिजे. अडचण येथेच आहे, हे आम्ही जाणतो. 'कलावंत' म्हणवून घेणाऱ्याला 'वाजंत्री'शेजारी बसण्याचा संकोच वाटेल. त्या संकोचावरच आजवर पाकिटाचे राज्य चालले आहे. ज्या दिवशी गडकरी रंगायतनातला तबलजी आणि हळदीच्या मांडवातला ढोलकीवाला एकाच दरपत्रकावर सही करतील, त्या दिवशी आयोजकाला पाकीट बाजूस ठेवून पावतीपुस्तक उघडावे लागेल. रसिकांनीही आपले कर्तव्य ओळखावे. पुढच्या वेळी तिकीट काढताना वा वर्गणी देताना 'साथीला कोण?' एवढ्यावर थांबू नये, 'त्यांना किती?' हेही विचारावे. हा प्रश्न विचारण्याने संगीताचा अपमान होत नाही.